रांगेत नसलेल्या बायका

‘गावातले सगळे समाधानी’ असा रिपोर्ट सकाळीच मेल केला होता आणि भिगवणजवळ, त्याच गावातल्या धरणाकाठच्या एका हॉटेलात मी निवांत चिलापी मासा खात होते. माझं काम समता-तपासणीचं. म्हणजे सरकारी सेवा कागदावर सगळ्यांची असते, ती खरंच सगळ्यांपर्यंत पोचते का, ते बघायचं. या वेळी सेवा होती फिरत्या दवाखान्याची. आठवड्यातून एकदा गाडी गावच्या चौकात येते. डॉक्टर, सिस्टर, फुकट औषधं.

हॉटेलामागं मासे साफ करणाऱ्या इंदूमावशी उठता उठता भिंतीला टेकल्या. मी धावले.

“काय होतंय मावशी?”

“बीपी हाय. मेडिकलातनं गोळ्या आणते. अर्धी मी खाते, अर्धी जावंला देते.”

“अहो, गाडीत फुकट मिळतात की!”

“मिळत्यात. पर आमी न्हाय जात.”

“का?”

त्या पदर सावरत म्हणाल्या, “पहाटंपासनं मासळीत असतो. अंगाला वास येतो. रांगंत हुबं ऱ्हायलं की बाया नाकाला पदर लावत्यात. आंगूळ करून जावं, तर गाडी गेल्याली आसती. कोन काय बोलत न्हाय हो. पर कळतं.”

ताटातला मासा तसाच राहिला. मला माझीच लाज वाटली. चौकात जाऊन रांगेतल्या लोकांना मी विचारलं होतं, “सेवा मिळते का?” रांगेतला माणूस दुसरं काय सांगणार? इतकी वर्षं या कामात काढून ही अक्कल!

ऑफिसातल्या सरांना फोन लावला. मासळीच्या बायकांचं सांगितलं आणि रिपोर्ट परत मागितला.

“मॅडम, तो पुढं गेलाय. आणि त्यांना कुणी अडवलंय का?”

“नाही सर.”

“मग?”

“मग त्या येत का नाहीत, हे मी विचारलंच नाही. चूक माझी आहे. तसं लेखी देते.”

सर म्हणाले, “द्या. पण नुसतं रडगाणं नको, उपायही लिहा.”

उपाय साधा होता. मासळीचा काटा झाला, म्हणजे वजनं उरकली, की गाडी चौकातून थेट धरणाकाठी, या बायकांपाशी न्यायची.

मंजुरी मिळाली, तेव्हा पहिल्या दिवशी मी सोबत गेले. बायका आल्या, पण चार हात लांबच बसल्या. गाडीतल्या सिस्टर कळस गावच्या, तोंडानं फटकळ. त्या खाली उतरल्या, मासळीचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि इंदूमावशींना खेटून बसल्या.

“वास येईल, बाई.”

“माझ्या हाताला स्पिरिटचा येतोय, त्याचं काय? हात करा पुढं.”

मावशींनी हात लुगड्याला तीनतीनदा पुसला, मग पुढं केला. मी गाडीमागं जाऊन उगाच फॉर्म चाळत बसले.

बीपी इतकं वाढलेलं होतं, की डॉक्टरांनी त्याच गाडीतून त्यांना इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. जाऊ हट्टानं सोबत चढली. चार दिवसांनी मावशी घरी आल्या. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

तेव्हापासून तपासणीला गेले की मी रांगेकडं पाठ करते आणि आधी गावात विचारते, आज इथं कोण आलं नाही?