धावड्याच्या नाक्यावरचा बांबू

नाक्यावर नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से नसतील, तर खुशाल समजा की तो ड्यूटीवर झोपा काढत होता. आमचं कामच मुळी दुसऱ्यांच्या गाठोड्यात डोकवायचं. गाठोडं सुटलं की आधी कापड निघायचं, गूळ निघायचा, भांडी निघायची आणि मागोमाग त्या माणसाची सगळी कहाणी निघायची. माल त्याचा तो घेऊन जायचा, कहाणी मात्र आमच्याकडे राहायची. जालन्यात आम्ही जुनी नाक्यावरची मंडळी अजून भेटतो आणि एकेक काढत बसतो. सुरुवात हसायला म्हणून होते.

आमचा नाका धावड्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी. अलीकडे हैदराबाद राज्य, पलीकडे वऱ्हाड. पलीकडून येणाऱ्या मालावर आमचं राज्य जकात घ्यायचं, तिला करोडगिरी म्हणायचे. रस्त्यात आडवा एक बांबू, बाजूला पत्र्याची खोली, लिंबाखाली एक सपाट दगड. आणि माणसं कोण, तर नाकेदार जोशीसाहेब, मुन्शी म्हणजे कारकून मी, आणि बांबू वर-खाली करणारा सखाराम जमादार.

सखारामचा एक नियम होता. कुणाच्याही मालाला तो स्वतः हात लावायचा नाही. "ज्याचं त्यानं खोला," एवढंच म्हणायचा आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहायचा. एखादी वस्तू कमी भरली तर उद्या आळ नको, हे त्याचं कारण. माणूस फार सरळ. इतका सरळ की कधीकधी राग यायचा.

*

एकदा त्याची बायको माहेराहून आली. माहेर घाटापलीकडे. डोक्यावर गाठोडं, उन्हातून चालत आलेली. बांबूपाशी आली आणि वाकून जायला लागली.

"खोला," सखाराम म्हणाला.

तिला वाटलं नवरा चेष्टा करतोय. पण सखारामचे हात मागे बांधलेले. जोशीसाहेब खोलीतून ओरडले, "अरे, जाऊ दे तिला!" तरी हा हलेना. शेवटी तिने भर रस्त्यात गाठोडं सोडलं. आत भावाने घेतलेलं एक लुगडं होतं. त्याच्यावर जकात लागली, आणि ती सखारामनेच स्वतःच्या कनवटीतून भरली.

गाठोडं परत बांधताना ती म्हणाली, "सांजच्याला जेवाया या. मंग मी बी म्हणते, तुमचं काय हाय ते तुमीच खोला."

त्या रात्री जमादार आमच्या खोलीत, माझ्या डब्यातली भाकरी खाऊन झोपला.

*

अठ्ठेचाळीस साली आमचं हैदराबाद राज्य हिंदुस्थानात सामील झालं. केदारखेड्यापासून धावड्यापर्यंत गावागावात झेंडे लागले. दोनेक वर्षांनी एक म्हातारा शेतकरी पलीकडून मिलचं धोतर घेऊन आला आणि बांबू बघून चक्रावला.

"ह्यो अजून हितंच?" तो म्हणाला. "स्वराज्य आलं ना?"

जोशीसाहेबांना समजावून सांगायची फार हौस. त्यांनी म्हाताऱ्याला दगडावर बसवलं. म्हणाले, देश आता एक झाला, तेव्हा आतल्या आत जकात राहणं चूकच आहे. ती जाणार. पण आपल्या राज्याचा निम्मा संसार ह्याच पैशावर चालतो. शाळा, दवाखाने, रस्ते. एका रात्रीत बंद केली तर पगार कुठून द्यायचे? म्हणून दिल्लीवाल्यांनी आणि हैदराबादवाल्यांनी बसून ठरवलंय की हळूहळू कमी करत न्यायची. तोवर दुसरा कर बसवायचा, मग ही काढायची.

म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. धोतराची जकात भरली. बांबूखालून जाताना म्हणाला, "म्हंजे मी हिंदुस्थानात आलो बराबर. धोतर अजून यायचंय."

जोशीसाहेब हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याचं खरं आहे रे. पण माझंही खोटं नाही." हा माणूस पुढे आयुष्यभर हेच वाक्य निरनिराळ्या प्रसंगी बोलत राहिला.

*

जालन्याचे छगनशेठ कापडाचे मोठे व्यापारी. घराणं राजस्थानातलं, पण जालन्यात इतक्या पिढ्या झाल्या की शेठ मराठीतच भांडायचे. त्यांच्या गाड्या आमच्या नाक्यावरून यायच्या आणि दर खेपेला शेठ भाषण करायचे. "देश एक, बाजार एक! हा बांबू म्हंजे व्यापाऱ्याच्या गळ्यातला फास हाय, साहेब." व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ हैदराबादला गेलं, त्यातही शेठ पुढे होते.

पुढे जकात उठली. शेठनी पेढे वाटले. आणि सहा-आठ महिन्यांत पलीकडचे व्यापारी थेट जालन्यात येऊन शेठच्या दुकानासमोरच मिलचं कापड विकायला बसले. भाव शेठपेक्षा कमी.

तोवर मी आणि जोशीसाहेब जालन्याच्या विक्रीकर कचेरीत आलो होतो. शेठ एक दिवस तिथे आले, खुर्चीत बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "बांबू काढायची येवढी जल्दी न्हवती."

साहेब म्हणाले, "शेठ, देश एक, बाजार एक."

"बराबर हाय. बिलकुल बराबर हाय," शेठ म्हणाले. "फक्त त्या बाजारात आमी कुठं बसायचं, ते इचारायचं ऱ्हायलं."

शेठ निदान तग धरून राहिले. आसपासच्या गावातले हातमागवाले मात्र बघता बघता बुडाले. त्यांच्यापैकी कुणी कचेरीत बोलायलाही आलं नाही.

*

आता हा किस्सा आम्ही फार वेळा सांगत नाही. पण हा सांगितला नाही तर पुढचं कळणार नाही.

नाका अजून चालू होता तेव्हाची गोष्ट. आमच्या बाजूला कापडाची टंचाई, रेशनवर वार-दोन वार मिळायचं, तेही मिळालं तर. घाटाखालच्या एका वस्तीवरचा संपत म्हणून माणूस, त्याची बायको पहाटे वारली. तिच्यावर घालायला घरात धड कापड नाही. तो तसाच घाट चढून पलीकडच्या बाजारात गेला आणि सवाष्णीच्या हिरव्या लुगड्याला पैसे पुरेनात म्हणून तिच्यासाठी कोरा पांढरा लठ्ठा घेऊन दुपारी परत आला.

त्या दिवशी मी आणि जोशीसाहेब दोघंही हिशेबाच्या बैठकीसाठी भोकरदनला गेलो होतो. पावत्या आणि शिक्का साहेबांच्या पेटीत, पेटीची किल्ली साहेबांच्या जानव्याला. नाक्यावर एकटा सखाराम.

"खोला," तो म्हणाला.

संपतने कापड उघडून दाखवलं आणि कशासाठी आहे ते सांगितलं. सखारामचा चेहरा उतरला, असं तिथे गुरं राखणारे नंतर सांगत होते. पण पावतीशिवाय कापड सोडायचं नाही, असा हुकूम. तो कसाबसा म्हणाला, "साहेब भोकरदनला गेलेत. येऊ द्या, मंग जा."

संपत भांडला नाही. तो लिंबाखालच्या दगडावर बसला, मांडीवर कापड घेऊन. सखाराम समोर उभा, हात मागे बांधून.

आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळला होता. ऐकल्याबरोबर जोशीसाहेबांचा तोल गेला. "अरे, मेलेल्या माणसाच्या कापडाला कसली रे जकात?"

"कागदात तसं लिव्हलेलं दाखवा, साहेब," सखाराम म्हणाला. "मला न्हाई वाचता येत. मला कापड म्हंजे कापड."

साहेबांनी संपतला हाताला धरून बांबूखालून अलीकडे आणलं. तो पळत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. कापडाची घडी तशीच होती. वस्तीवरच्या लोकांनी किती वाट बघायची? उन्हाचे दिवस. त्यांनी तिला जुन्याच लुगड्यात नेलं होतं.

संपतने ती घडी सखारामपुढे दगडावर ठेवली. "आता मला ह्याचं काय काम न्हाई. तुमच्या सरकारात जमा करा."

सखारामने, कधी नव्हे ते, हात पुढे केला आणि दुसऱ्याच्या मालाला हात लावला.

*

जकात उठल्याचा कागद आला तेव्हा गाड्यांना हार घालून लोक वाजतगाजत नाक्यावर आले. आले आणि बांबूपाशी थांबले. सवयच तशी. सखारामने बांबू उचलला, गाड्या गेल्या, सखारामने बांबू खाली केला.

जोशीसाहेब म्हणाले, "जमादार, आता काढून टाका तो."

"कागदात बांबूचं काय लिव्हलंय का?"

कागदात बांबूचं काही लिहिलेलं नव्हतं. आणि जमादाराचंही नव्हतं. मला आणि साहेबांना विक्रीकरात घेतलं, सखारामला कुठेच घेतलं नाही. वय झालेलं, लिहिता-वाचता येत नाही, आणि त्याला जे काम येत होतं ते काम देशातूनच उठलेलं. साहेबांनी त्याच्यासाठी वरती किती खेटे घातले ते मी पाहिलंय. काही झालं नाही. तोही समजून होता. मला म्हणाला, "मुन्शी, बांबू हाय तवर जमादार हाय. मंग मी कोण, ते तुमीच सांगा."

देशाने केलं ते बरोबरच केलं. पण सखारामपुढे उभं राहून ते म्हणायची माझी छाती नव्हती.

तो पुढे कितीतरी दिवस, पगार नसताना, बांबू वर-खाली करत राहिला. लोकही बिचारे थांबायचे. बैल तर कुणी न सांगता थांबायचे.

*

शेवटी नाक्याच्या सामानाचा लिलाव झाला. टेबल, कंदील, पत्रे आणि बांबू. बांबू छगनशेठनी घेतला, दुकानापुढच्या मांडवाला. तो गाडीत चढवायला माणूस कमी पडत होता.

"जमादार, जरा हात लावा," शेठ म्हणाले.

सखाराम हात मागे बांधून उभा होता. "मी कुणाच्या मालाला हात लावत न्हाई, शेठ."

मग शेठनी स्वतः खांदा दिला.

*

आता शेवटचा. नंतर हैदराबाद राज्यच मोडलं. आमचा मुलूख आणि वऱ्हाड, दोन्ही एकाच राज्यात आले. घाटावर सरहद्द म्हणून कागदावरसुद्धा काही उरलं नाही. एस.टी. सुरू झाली.

एका उन्हाळ्यात मी पलीकडे लग्नाला निघालो होतो. भोकरदनच्या स्टँडवर सखाराम भेटला. खूप वाळला होता. काखेत एक गाठोडं. "लेकीकडं चाललो," म्हणाला. बायको गेल्याचं त्याने सांगितलं. जोशीसाहेब वारल्याचं मी सांगितलं. आम्ही एकाच गाडीत चढलो; तो गाठोडं पायाशी ठेवून खिडकीपाशी बसला.

घाटाच्या तोंडाशी तो एकदम उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "थांबवा."

त्या ठिकाणी आता काहीच नव्हतं. लिंब होता, दगड होता. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला जायचं असेल. त्याने घंटी वाजवली. सखाराम खाली उतरला, रस्त्याच्या मधोमध गेला आणि पूर्वी बांबू असायचा बरोबर तिथे थांबला. खाली बसून त्याने गाठोडं सोडलं. एक धोतर, नातवंडासाठी खाऊ, आणि तळाशी पांढऱ्या लठ्ठ्याची घडी. पिवळी पडलेली, न मोडलेली. एकेक वस्तू त्याने रस्त्यावर नीट मांडली, आणि मग ती घडी तेवढी उचलून तो दगडावर जाऊन बसला, मांडीवर कापड घेऊन.

बसमधले लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी खाली उतरलो, त्याच्याजवळ गेलो.

"जमादार, चला. गाडी थांबलीय."

त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"तुमी व्हा पुढं, मुन्शी," तो म्हणाला. "साहेब भोकरदनला गेलेत. येऊ द्या, मंग जातो."