कोर्टाला कोरम लागत नाही

माझे वडील गावच्या दूध संस्थेचे इतकी वर्षं चेअरमन होते, की घरात आमटी खारट झाली तरी ‘हा विषय पुढच्या मीटिंगला घ्या’ म्हणायचे. त्यांची खरी विद्या मात्र गैरहजेरीची. नको असलेला ठराव येणार म्हटलं, की आपल्या बाजूच्या संचालकांना न्हावरे फाट्यावर मिसळ खायला पाठवायचे. कोरम होत नाही, सभा तहकूब, ठराव बारगळला.

हीच विद्या त्यांनी शिरूरच्या कोर्टात चालवली.

आत्या दौंड तालुक्यात दिलेली. तिच्या वाट्याचं रान आमच्या रानापलीकडे. बहीणभावाचं बोलणं बंद झालं, तशी वडिलांनी आमच्या रानातल्या वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. आत्याने दावा लावला, की रानात जायला मला दुसरा रस्ताच नाही. हे धादांत खोटं होतं. ओढ्याच्या कडेने आजोबांनी तिच्यासाठी गाडीवाट काढून दिली होती, आणि लहानपणी मी स्वतः तिथून बैलगाडीतून गेले आहे. वडिलांची बाजू खरी असण्याचा योग क्वचितच यायचा. या वेळी आला होता.

निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवा, असा कोर्टाचा हुकूम झाला. वडिलांनी आधीचं कुलूप काढून त्याहून मोठं लावलं. हुकूम मोडल्याची नोटीस आली. वकील फोन करून करून थकले आणि शेवटी वकीलपत्र सोडून मोकळे झाले. मी समजवायला गेले, तर मला संस्थेचे नियम ऐकवले.

“मी गेलोच न्हाई तर कोरम कसा हुईल? जज एकटा काय ठराव करतोय?”

जजनी एकट्यानेच केला. हुकूम पाळत नाही म्हणून वडिलांचा बचावच काढून टाकला. म्हणजे त्यांना आपली बाजू मांडता येणार नव्हती, साक्षीदार आणता येणार नव्हते. आत्या साक्ष द्यायला उभी राहील तेव्हा तिला उलट प्रश्न तेवढे विचारता येणार होते.

आत्याच्या साक्षीच्या दिवशी वडील पहिल्यांदा कोर्टात गेले. कडक इस्त्रीचे कपडे, सोबत जीपमधून आणलेले गावचे तीन म्हातारे. उभे राहिले आणि आजोबांच्या थोरवीपासून सुरुवात केली. जजनी थांबवलं, म्हणाले, भाषण नको, साक्षीदाराला प्रश्न असेल तर विचारा. आयुष्यात या माणसाने कुणाला प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा भाषण सुरू केलं. पुन्हा थांबवलं, तेव्हा अपमान झाला म्हणून खाली बसले. म्हाताऱ्यांना कुणी आत बोलावलंच नाही. मला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

निकाल आत्याच्या बाजूने लागला. आमच्या रानातून तिला कायमचा रस्ता मिळाला. बेलिफाने पोलीस आणून कुलूप तोडलं, आणि आमच्या उभ्या कांद्याच्या कडेने तिचा ट्रॅक्टर आला. वडिलांपाशी तिने तो थांबवायला लावला.

“वढ्याची वाट हाय, मला ठावं हाय,” ती म्हणाली. “वकिलानं लिहिलं, मी सही केली. पन दादा, तिथं उभं ऱ्हाऊन तू मला एकदा इचारलं असतंस, तर मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले नसते.”

वडिलांनी घसा खाकरला आणि उत्तरादाखल आजोबांपासून सुरुवात केली. तोवर ट्रॅक्टर पुढे गेला होता.