भुताला न भिणारी म्हातारी

एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. आष्ट्याच्या थेटरात भुताचा सिनेमा लागला की रविवारी दुपारच्या खेळाला ती म्हातारी हमखास माझ्या शेजारी असायची. मी डोळे झाकायचो, ती निवांत शेंगा फोडायची.

एकदा विचारलं, “आवं मावशी, तुमाला भ्या न्हाई वाटत?”

“ह्या भुताचं कसलं भ्या? दिवं लागलं की जातंय. माझा ल्योक मिल्ट्रीत हाय. मला भ्या तारवाल्याचं.”

तो तारवाला मीच, हे मी सांगितलं नाही.

महिन्याभरात खाकी कपड्यात तिच्याच दारात सायकल लावली. मला बघताच ती उंबऱ्यावर कोसळली. मुलगा सुट्टीवर येतोय, एवढीच तार होती. मला मजकूर ठाऊक होता. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत जायला हवं होतं.

पुढच्या सिनेमाला मी शेजारची खुर्ची धरून ठेवली. ती आली, मला बघितलं आणि पार पडद्याजवळ जाऊन बसली.