साखऱ्याला तीन वाजता जेवण

स्पॅनिश शिकायला लोक माद्रिदला जातात. मी गेले हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याला, तेही परीक्षक म्हणून!

झालं असं. मी नाशिकला घरबसल्या व्हिडिओ बघून स्पॅनिश शिकते. व्याकरणाचे व्हिडिओ लागले की मला जांभया येतात. तिकडचे लोक बाजारात घासाघीस कशी करतात, घरी कसे वागतात, असले मात्र मी पुन्हापुन्हा बघते. सरावाच्या ग्रुपवर कविता भेटली. साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या शेतकऱ्याची मुलगी, माझ्यासारखीच व्हिडिओवर शिकलेली आणि खरं सांगायचं तर माझ्याहून दोन पावलं पुढे. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला स्पॅनिश ग्राहकांशी बोलायच्या कामावर निवडलं, पण घोडं अडलं वडिलांपाशी. पोरगी मोबाईलशी बोलते ती खरी भाषा की मनचं काहीतरी, हे घरात कोण सांगणार? 'जाणत्या मानसानं एकदा ऐकू द्या, मंग पाठवतो,' असं ते म्हणाले, आणि कवितानं जाणती म्हणून मला बोलावलं. मला घामच फुटला. अडखळणार मी आणि नोकरी जाणार तिची!

जायचं तर थंडीत जा. हिंगोलीला सकाळी रेल्वेतून उतरले, स्टँडवर पोहे खाल्ले आणि सेनगावची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला काही चटका नाही. वाटेत नरसी नामदेवला उतरून दर्शन घेतलं, देवळाबाहेर चहा प्यायले आणि मागून आलेल्या गाडीनं पुढे निघाले. सेनगावहून साखऱ्याला जीप. रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे, पुढची सीट मिळाली तर सोडू नका.

जीपमध्ये शेजारच्या आजींनी विचारलं, "इकडं काहून आल्या बाई?"

"परीक्षा घ्यायला."

"अगं बया, म्हंजी शाळा तपासनीच्या हायत ह्या!" म्हणत त्यांनी नातवंडांसकट सरकून मला ऐसपैस जागा दिली. मीही गप्प बसले, जागा कोण सोडतं?

फाट्यावर कविता स्कूटी घेऊन उभी होती. फोनवर आम्ही स्पॅनिशमध्ये एकेरीवर असतो. समोर आल्यावर तिनं "या ताई" म्हटलं आणि दोघी उगाच लाजलो. दोन्हीकडे तुरीची शेतं, मध्ये कच्ची वाट, मग तांडा. तिची आई, जिला ती याडी म्हणते, दारातच हात धरून आत घेऊन गेली. वडिलांना सगळे बापू म्हणतात. बापू खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मी मनात भूतकाळाची रूपं घोकत होते.

चहा आला. पुन्हा चहा आला. चुलीवरून ताज्या तुरीच्या दाण्यांच्या आमटीचा वास येत होता, पण ताटं काही मांडली जाईनात. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पोटात कावळे कोकलायला लागले, पण मागायचं कसं? पाहुणीला लाज असते. घरात आपसांत गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली, चाललेली, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तीनला ताटं आली तेव्हा मी भाकरीवर तुटूनच पडले.

याडी कळवळली. "लेकराला भूक लागली व्हती की! माजा जीव तुटून राहिला व्हता. पन ही म्हनली, ते स्पॅनिसवाले तीनलाच जेवतेत, आदी वाढू नको."

मी कविताकडे बघितलं. ती माझ्याकडे. "बाई, मी नाशिकची आहे!" मी स्पॅनिशमध्ये ओरडले. तिनंही स्पॅनिशमध्ये फटकन उत्तर दिलं, "मग भूक लागली हे नाशिकच्या भाषेत सांगायचंस ना!" आणि आम्ही अशा हसत सुटलो की मला ठसका लागला. स्पेनमध्ये जेवणानंतर ताटाभोवती गप्पा मारत बसायची रीत आहे. आम्ही ती हात वाळेपर्यंत पाळली. व्याकरणाचे मुडदे पडले असतील, पण त्याची कुणाला शुद्ध होती?

साखऱ्याला लॉज मला काही दिसलं नाही. मी तांड्यावरच राहिले. सकाळी बापू मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला आले तरी परीक्षेचं नाव नाही. शेवटी मीच म्हटलं, "बापू, तुम्ही काही विचारलंच नाही."

"इचारायचं काय? काल झाली की परीक्षा." त्यांनी गाडी स्टँडला लावली. "मला भाषा काय कळती? पन ती बोलली अन् तुमी हसल्या. तुमी बोलल्या अन् ती हसली. पाठ करून बोलता येतं ताई, असं हसता येत न्हाई. जाऊ द्या लेकराला." एवढं बोलून ते रस्त्याकडे बघत राहिले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

नाशिकला परतले. कविता हैदराबादला गेली. बरोबर आणलेल्या तुरीच्या शेंगा दोन दिवसांत संपल्या, प्रवास तिथंच संपला असं मला वाटलं होतं. एका रविवारी बापूंचा फोन आला.

"ताई, एक काम करा. आमाला ती निस्तं 'बरं हाय' म्हनती. तुमी तुमच्या भाषेत इचारा."

मी विचारलं. स्पॅनिशमध्ये तिनं सगळं भडाभडा सांगितलं. लोक फार भरभर बोलतात, ज्वारीची भाकरी मिळत नाही, सुट्टीच्या दिवशी रडू येतं. मग नाक ओढत म्हणाली, "आज मी तीनला जेवले गं," आणि फिसकन हसली.

मी बापूंना तसंच सांगितलं. रडली, मग हसली.

ते म्हणाले, "दोनी केलं ना? मंग खरं हाय."