चेलोच्या सुराला

शिरोड्यात आम्हाला चांडाळचौकडी म्हणतात. म्हणोत बापडे! दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक खर्जातला चेलो घेऊन चार माणसं वीस-बावीस वर्षं एका खोलीत कुंय कुंय करत बसतात, त्यांना दुसरं काय म्हणणार? व्हायोला वाजवते मी. व्हायोलिनवाले दोघे सख्खे भाऊ. चेलो वाजवतो तो वेंगुर्ल्याचा, सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. घरच्यांना त्याला बंदरावर बसवायचं होतं, आणि हा गोव्यात जाऊन चेलो शिकून आला. वयाने मोठा, म्हणून आम्ही तिघं त्याला भाई म्हणतो. आमचं पोट गोव्यावर: हॉटेलांतल्या संध्याकाळी, लग्नं, चर्चमधले कार्यक्रम. वर्षातून चार-पाचदा खरी मैफल, जिथे ऐकणारे जेवत नसतात.

आमच्यात एक शिस्त पहिल्या दिवसापासून होती. मोबाइल खोलीबाहेर. सूर दाखवणारं कुठलंही यंत्र आत आणायचं नाही. भाईने गज ओढायचा, चेलोचा सूर खोलीत भरायचा आणि आम्ही तिघांनी आपापल्या तारा त्याला मिळवायच्या. वाजवतानासुद्धा खालचा सूर त्याचा, आम्ही त्यावर उभे. एखाद्या जागी तो केसभर खाली गेला, तर आपणही बोट केसभर मागे घ्यायचं. तो खाली आणि आपण वर, असं होऊ द्यायचं नाही. बरोबर कोण हे मागाहून, आधी एकत्र. याचा आम्हाला फार तोरा होता.

दोन वर्षांपूर्वी तालमीत चेलोच्या वरच्या पट्टीतली एक ओळ उतरलेली वाजली. मी बोट मागे घेतलं. पलीकडे दोन्ही भावांनीही घेतलं. ओळ गोड वाजली. दुसऱ्या आठवड्यात तेच, पुढे आणखी दोन जागी. दाराशी चपला घालताना दोघा भावांतल्या थोरल्याने मला हळूच विचारलं, "तुका कळला मां?"

"कळला."

"सांगूक व्हया रे बाबा भाईक."

"सांगूया. ह्या लग्न होऊं दे."

ते लग्न झालं. मग दुसरं झालं. मग नाताळ आला, तेव्हा कोण असलं बोलणार? मी स्वतःला समजावायचे की थकला असेल, चेलो दमट हवेत बिघडला असेल. भाईची बायको एकदा फोनवर म्हणाली, टीव्ही इतका मोठा लावतो की शेजारी येऊन बोलतात. मी हसले. शिरां पडो माझ्या तोंडावर, मी हसले! खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भाईला बोललो असतो तर तो त्याच दिवशी चेलो ठेवून उठला असता, आणि त्याच्याशिवाय आम्ही तिघं कोण? आणि आमचं वाजत तर छान होतं. लोक टाळ्या वाजवत होते. त्याला सांभाळून घेण्यात आम्ही इतके तयार झालो होतो की त्याला स्वतःला काही कळायला वावच ठेवला नाही.

मग पणजीत एक मैफल ठरली. बाहेरून एक पियानोवाली येणार होती आणि आम्ही पाचजण मिळून वाजवणार होतो. त्याच दिवशी सकाळी तालीम. पियानोचा सूर कोणासाठी हलत नाही, एवढं साधं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्याच पानावर भाई उतरला आणि सवयीने आम्ही तिघंही त्याच्याबरोबर उतरलो. पियानो एकटा वर राहिला. ती बाई थांबली आणि गोंधळून आमच्याकडे बघायला लागली.

"पियानो चढलेलो आसा," भाई म्हणाला. सूर लावणाऱ्या माणसाला बोलावलं. तो दोनदा तपासून म्हणाला, पियानो ठीक आहे. भाई त्याच्यावर ओरडला. मग माझ्याकडे वळला. "तू सांग गो बाय. तुझो कान माका म्हायत आसा."

भावांनी माना खाली घातल्या.

"पियानो बरोबर आसा, भाई."

त्याने गज मांडीवर आडवा ठेवला. मग विचारलं, "कदीपासून?"

"दोन वर्सां."

"आणि तुमी?"

"आमी तुझ्या सुराक लावत होतो."

त्याने गज सैल केला, चेलो पेटीत ठेवला, पेटी बंद केली. मैफल रद्द झाली. परतीच्या वाटेवर गाडीत मी रडत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर मीच गेले. बायकोला येऊ दिलं नाही त्याने. तपासण्या झाल्या. डॉक्टर मोठ्याने, सावकाश बोलले. दोन्ही कान निम्म्याहून अधिक गेलेले होते. वेळेवर आला असता तर होतं तेवढं राखता आलं असतं, आता हाती फार काही नाही. चेलोचं भाईने विचारलं नाही. डॉक्टरांनीच नकारार्थी मान हलवली.

"पण इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही डॉक्टर," भाई शुद्ध मराठीत म्हणाला, "कुणाच्याच नाही आलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्याबरोबरच वाजवता ना? तुम्हालाही जाणवलं नाही?"

भाई माझ्या ओठांकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं.