बासष्टच्या लाकडी रायफली

माझा धंदा सिनेमातल्या बंदुकांचा. सिनेमा संपला की लाकूड परत येतं, रबर परत येतं आणि सोबत चार-दोन किस्सेही येतात. लाकूड जळणाला जातं, किस्से मात्र टाकता येत नाहीत. साठत राहतात.

सगळ्यात जास्त साठलेत ते बासष्टच्या चीनच्या लढाईवरच्या सिनेमाचे. हडपसरला एका बंद कारखान्याच्या आवारात मीठ आणि कापूस पसरून हिमालय केला होता. तोही ऐन मे महिन्यात! बंदुका माझ्या आणि आमचे सुतार रफिकभाई यांच्या. त्या बरोबर आहेत की नाहीत हे बघायला सुभेदार घुले. मांजरी गावचे, रिटायर्ड, स्वतः ती लढाई लढलेले. हसू आलं तर हसा, माझी ना नाही.

*

रफिकभाईंनी पहिली थ्री-नॉट-थ्री रायफल बनवली. शिसवी लाकूड, वर जवसाचं तेल. सुभेदारांनी उचलून पाहिली.

"हलकी हाय."

रफिकभाईंनी दस्ता पोखरून आत शिसं ओतलं. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी पुन्हा खांद्याला लावली. बराच वेळ लावूनच उभे राहिले.

"आता बरूबर. फकस्त धरनाऱ्याला चार दिस उपाशी ठेवा, म्हंजी झालं!"

*

एकदा नाकाबंदीत आमचा टेम्पो अडवला. मागे चाळीस रायफली! हवालदारांचा चेहरा पांढराफटक. मी म्हणालो, "अहो, लाकडी आहेत. सिनेमाच्या."

त्यांनी एक हातात घेतली आणि खांद्यावरची स्वतःची तिच्याशेजारी धरली. दोन्ही थ्री-नॉट-थ्री!

"तुमची नवी दिसतेय," म्हणाले, आणि जाऊ दिलं.

मी हसलो. पुढे बसलेले सुभेदार मात्र हवालदारांच्या खांद्यावरची रायफल दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून बघत होते.

*

पुण्याचं ऊन, आणि नटांच्या अंगात लोकरीचे जाड कोट! दोघं चक्कर येऊन पडले. सुभेदार कपडेपटवाल्याकडे गेले.

"ह्ये कोट कुनी दिले?"

"सर, बर्फातली लढाई आहे ना."

"आमाला बर्फात सुती कापडं दिल्ती, तुमी उन्हात लोकर देताय. दोन्हीकडं सामान धाडनारा येकच गडी दिसतोय!"

सगळे हसले. सुभेदार सोडून.

*

मेलेले जवान म्हणून सदाशिव पेठेतली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आणली होती. जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले, एक उठेना. रफिकभाई घाबरून त्याला हलवायला लागले. त्याने एक डोळा उघडला.

"काका, झोपू द्या. खोलीवर पंखा नाही."

रायफल बाजूला पडली होती. सुभेदारांनी ती उचलून हळूच त्याच्या हाताखाली सरकवली आणि रफिकभाईंना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला. मी बसतो हितं." सुट्टी संपेपर्यंत ते त्या मिठात बसून होते.

*

दिग्दर्शक तिशीतले, हुशार. त्यांनी नुसत्या आवाजाची, बिनगोळीची काडतुसं उडवणाऱ्या दोन एसएलआर मागवल्या, म्हणजे आपोआप भरणाऱ्या रायफली. दिसायला रुबाबदार!

"सुभेदारसाहेब, थ्री-नॉट-थ्रीला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. ॲक्शन स्लो होते. पब्लिक बोअर होईल."

"चिनी न्हाई झाले बोर!" सुभेदार म्हणाले. "ही यसेलार आमाला लढाई सरल्यावर मिळाली. तवा तुमीबी सिनेमा सरल्यावरच दावा."

एसएलआर पेटीत गेल्या.

*

शेवटच्या सीनसाठी दिग्दर्शकांनी विचारलं, "तुमच्या डोळ्यांसमोर कोण गेलं?"

चहा चालला होता. सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"म्हादू. माज्यापास्नं धा पावलांवर. थंडीनं रायफलीचा बोल्ट आखडला, मागं येईना. दगड घिऊन ठोकत बसला. ठोकता ठोकताच गेला. येकबी गोळी सुटली न्हाई त्याची."

चहा कुणालाच पिववेना. दिग्दर्शक म्हणाले, "हाच सीन करू. असाच."

"आसाच करनार आसाल तर करा. आमच्या हातात काय देऊन धाडलं, त्ये कळू द्या लोकांस्नी. त्येच्यासाठीच येतोय मी रोज हितं."

मग तीन दिवस त्यांनी नटाला बोल्टवर दगड कसा मारायचा ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच अंगठा ठेचला.

*

त्या सीनच्या सकाळी निर्मात्यांनी पेपरात फोटो यावा म्हणून सासवडकडून जीपने एका बाईंना आणलं. महादूची बायको, शेवंताबाई. सुभेदारांना कुणी सांगितलंच नव्हतं! ते पलीकडे नटापाशी होते. बाईंना माझ्या शेजारी खुर्ची दिली.

"भाऊजी सवता घरी आल्ते तवा," सुभेदारांकडे बोट करून त्या मला म्हणाल्या. "म्हनले, वहिनी, म्हादू शेवटपत्तूर गोळ्या झाडत व्हता. त्येच्यावर तर दिस काढले बघा."

सुभेदारांना गाठायला मी उठलो, तोवर सुभेदारांनी वळून आमच्याकडे पाहिलं होतं.

दिग्दर्शक ओरडले, "रेडी!" नट दगड घेऊन बसला. सुभेदार मिठातून चालत त्याच्यापाशी गेले. त्याच्या हातातला दगड काढून घेतला, मग रायफल.

"पेटीतली यसेलार आना," मला म्हणाले.

"सुभेदार, अहो ती..."

"आना म्हन्लं न्हवं!"

दिग्दर्शक धावत आले. "अहो, पण तुम्हीच सांगितलं होतं ना..."

"आता बी मीच सांगतोय."

मी एसएलआर भरून दिली. नटाने चाप ओढला तो ओढतच राहिला. वीस आवाज झाले. मग तो मिठात पडला.

शेवंताबाई धूर विरेपर्यंत बघत होत्या. सुभेदार त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले.

"लई गोळ्या व्हत्या की वो भाऊजी त्यांच्यापाशी."

"व्हत्या, वहिनी."