सोनगीरच्या पायथ्याशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापासून मी काय लपवते? माझा गुडघा कधी दुखतच नव्हता.

हसू नका. लग्न होऊन देवपूरला आले तेव्हा घरात चौदा माणसं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे म्हटलं तरी कुणीतरी शेंगा निवडत शेजारी बसलेलं. दर हिवाळ्यात सगळं घर सोनगीरच्या किल्ल्यावर जायचं. पहिल्याच वर्षी मी पायथ्याशी गुडघा धरून बसले. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, मी बसस हिनाजोडे."

दोन तास! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आणि हे एकटे माझे. तेव्हाच त्यांनी सांगितलं — वर एक खोल विहीर आहे, वडील दाखवणार होते, राहून गेलं. ती एकदा बघायचीच आहे. मी सगळं ऐकलं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा गुडघा धरला.

अशी बावीस वर्षं. सासूबाई कोमट तेलाने गुडघा चोळून द्यायच्या आणि मी निर्लज्जासारखी पाय पसरून बसायचे. एकदा तर लंगडताना पायच चुकला — कुणाच्या लक्षात आलं असेल का? पुढे घरं वेगळी झाली, किल्ल्यावर जाणं थांबलं, आणि माझा गुडघा बरा झाला. आईच्या तेलाचा गुण, असं हे आजही लोकांना सांगतात.

यंदा आम्ही दोघंच गेलो. आता गुडघे ह्यांचे गेलेत, खरोखरचे. म्हणाले, "तू तरी जाई ये. विहीर देख, माले सांग."

मी चढले, एकदाही न थांबता. पडक्या भिंती ओलांडून विहिरीपाशी गेले, वाकून बघितलं. खडा टाकला — आवाज यायला केवढा वेळ लागला!

खाली येऊन सांगितलं, विहीर बुजली, बघण्यासारखं काही उरलं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून? की माझ्या खोट्या गुडघ्यापायी त्यांचं काय हुकलं, ते उघडं पडू नये म्हणून? दुसरंच खरं.

"मंग आपलं काही चुकनं नही," ते म्हणाले, आणि सरकून मला सावलीत जागा दिली.

मी बसले. भाकरी मोडली. आणि सांगते — मला त्या घटकेला फार सुख वाटलं.